सतरा नंबर, डावा कान

कवटीच्या बाजूला चिंचोक्याएवढी
हाडाची एक फुगीर कुपी.
ती चिमट्याच्या टोकानं उघडायची,
शेंगदाण्याचं तांबडं साल काढावं तशी.
जोर लावला की आतलं सगळं मातेरं.
आत शंख असतो, तीनेक वेढ्यांचा.
समुद्र कधीच न पाहिलेल्या जर्बिलच्या डोक्यात
शंख.

रिकीब आधी उचलायची.
नखावर ठेवली तर श्वासानं उडते.
(एकदा उडाली. मी आणि मोरवेन गेडीस
अर्धा तास गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो,
मग नाद सोडून चहा प्यायलो.)

नंतर गोल खिडकीतून फॉर्मलिन,
मुंगीनं प्यावं इतकं सावकाश.
बुडबुडा शिरला तर कान वाया,
कानासोबत तो जीवही वाया.
हे वाक्य आमच्या नियमावलीत
या शब्दांत नाही.

सुई टोचताना मी बोलते. सवय आहे.
झालं हं, झालंच, एवढंच.
डंडीत जन्मलेल्या त्या प्राण्यानं
शेवटचं ऐकलं ते मराठी,
आणि ते खोटंही नव्हतं.

मग दहा दिवस काही नाही.
चुना हाडातून द्रावणात उतरत राहतो.
रोज सकाळी द्रावण बदलायचं, तारीख घालायची.
खिडकीखाली टे नदी ओहोटीला लागलेली,
चिखलावर ऊन,
सीगल कुणाच्यातरी सँडविचवरून भांडतायत.
सातव्या दिवशी टाचणी अजून करकरते.
दहाव्या दिवशी उकडलेल्या रताळ्यात जावी तशी जाते.
हाडाचं हाडपण गेलं,
आकार तेवढा त्यानं धरून ठेवलाय.

अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक पापुद्रा
शंखातून आरपार सरकतो
आणि पडद्यावर उमटतात हिरवे ठिपके, रांगेनं:
आत एक रांग, बाहेर तीन.
टोकाकडून खाली येत जावं, सगळं भरगच्च.
आणि मग तळाच्या वेढ्यात
एक ठिपका नाही. पुढे दोन नाहीत.
मग नुसतीच काळी जागा.

सतरा नंबर आवाजाच्या गटातला होता.
दोन तास, एक स्पीकर.
डेसिबलचा आकडा फाईलमध्ये आहे,
तो वाचला तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली होती.

ताणा तुटलाय, मी म्हणाले.
मोरवेन म्हणाली, काय?
मग सांगावं लागलं: इचलकरंजी, चोवीस माग एका छपराखाली,
अण्णा एकतीस वर्षं त्यांच्या मधल्या बोळातून
तुटलेले धागे गाठ मारून जोडत फिरले.
ती ऐकत होती. म्हणाली,
माझी पणजी इथल्याच तागाच्या गिरणीत.
घरी जेवतानासुद्धा ओठ मोठे करून बोलायची,
आवाज न काढता,
आम्हा पोरांना वाटायचं पणजी गाणं विसरलीय.
मग दोघी बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिलो.
इथे गाठ मारता येत नाही.
हे ठिपके एकदा गेले की गेले.

रविवारी फोन.
मोठ्यानं बोल की गं!
काय काम करतीस म्हणालीस तितं?
एकदा कंटाळून म्हटलं होतं,
उंदरांचे कान साफ करते अण्णा.
पलीकडे शांतता. वाटलं, ऐकू गेलं नसेल.
मग हसू आलं, दमेकऱ्याचं, लांबलचक:
आनि माझे गं?

नळीवर पेन्सिलनं लिहिते. शाई पुसली जाते.
सतरा, डावा, झाला.
फ्रीजमधल्या थंडीत, खालच्या कप्प्यात,
सतराचा उजवा
अजून चौथ्या दिवसावर आहे.